एक बटण, दोऱ्यासकट

टक् असा आवाज झाला, आणि मग तोच आवाज बारीक होत होत फरशीवरून कपाटाखाली गेला. सकाळच्या त्या वेळी घरात इतकी शांतता असायची की दूध तापताना साय धरते तेही ऐकू येईल असं वाटावं. नवरा दवाखान्यातली रात्रपाळी संपवून आतल्या खोलीत पालथा पडलेला. त्याची झोप मोडू नये म्हणून दोघी मायलेकी चोरासारख्या वावरायच्या, बोलायचं ते खुणांनी, नाहीतर एकमेकींच्या कानात. ती गुडघ्यांवर बसून ठमीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. ठमी म्हणजे तिची लेक, दोन महिन्यांनी पाच पुरी होणार होती आणि अलीकडे कोटाची बटणं स्वतःच लावायची असा तिचा हट्ट होता. वरून दुसरं बटण भोकात घालताना तिनं जरा जोर केला आणि ते कोटातूनच निसटलं. ठमीनं तोंडावर हात ठेवला. आतल्या खोलीत पलंग करकरला, पुन्हा गप्प झाला. मग ठमी पोटावर पडून कपाटाखाली शिरली, तिचे बुटातले दोन पाय तेवढे बाहेर राहिले, आणि ती त्या पायांकडे बघत, घड्याळाकडे बघत, डब्याचं झाकण शोधत उभी राहिली. आत इतका वेळ काय चाललंय म्हणून वाकणार, तोच ठमी धूळ माखून बाहेर आली. मूठ घट्ट मिटलेली. मूठ उघडली तर बटण कोमट होतं, जरासं ओलसरही. पण ठमीच्या तळहाताला सदाच घाम.

"आजीनं लावलेलं," ठमी कानात म्हणाली. "बघ, दोरा पण तिचाच."

खरंच, दोऱ्याचा सगळा पुंजका बटणाच्या चार भोकांत तसाच अडकून आला होता, मुळासकट उपटलेल्या रोपासारखा. फाटलं होतं ते कोटाचं कापड. दोरा तुटलाच नव्हता. हे तिच्या आईचंच काम, ठमीच्या आजीचं. कोट आणला त्या दिवशी तिनं पाचही बटणं कापून काढली होती आणि नव्यानं लावायला बसली होती. दुकानातलं बटण म्हणजे पाहुणा, म्हणाली होती, कधी उठून जाईल सांगता येत नाही. खिडकीशी खुर्ची ओढून, चष्मा कपाळावर चढवून (जवळचं तिला चष्म्याशिवायच नीट दिसायचं) ती दोऱ्याचं टोक जिभेवर धरायची, ओठांतून ओढून घ्यायची आणि एका फटक्यात सुईत घालायची. शेवटची गाठ मारली की मान तिरकी करून दोरा दातांनी तोडायची. कात्री मांडीवरच असायची, पण कात्रीचा दोरा सुटतो म्हणे. ठमी तेव्हा साडेतीन वर्षांची, आजीच्या गुडघ्याला चिकटून हे सगळं बघायची आणि ओरडायची, आजी, दोरा उष्टा केलास. आणि आजी तोंडात दोरा धरल्या धरल्या, दातांच्या फटीतून म्हणायची, उष्टा केला म्हणून तर टिकणार.

त्यानंतर दोनच महिन्यांनी आई गेली. कोट मात्र वाढत्या अंगाचा घेतलेला, तो आता कुठे ठमीला नीट बसायला लागला होता.

संध्याकाळी लावून देईन, असं तिनं सांगितलं. कोटाला पिन टोचली. बटण एका छोट्या पिशवीत टाकून पिशवीचं तोंड बोटांनी दाबून बंद केलं. ह्या पिशव्या तिच्या पर्समध्ये कायम असायच्या, नमुने ठेवायच्या, इतर बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतात तशा. ठमीनं हे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले. आपल्या आईचं काम ठमीला तिच्यापुरतं कळलेलं होतं. जे कोणालाच दिसत नाही, इतकं इतकंसं असतं, ते आई जमिनीखाली जाऊन मोजते. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं.

"त्यात आजीची थुंकी आहे ना? मग मोजून आण."

तिनं ठमीच्या टोपीचे बंद बांधले. पण छातीत काहीतरी हललं, जड सामान ओढताना हलावं तसं, आणि मग दिवसभर ते त्या नव्या जागीच राहिलं.

खाणीच्या तोंडाशी गाडी लावून ती रोज छोट्या विजेच्या गाडीत बसायची. डोंगराच्या पोटात दहा मिनिटं जायचं. ही खाण तिच्या जन्माआधीच बंद पडलेली. धातू संपला, माणसं गेली, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की इथे एक गोष्ट भरपूर शिल्लक आहे, ती म्हणजे वरचा खडक. आकाशातून रात्रंदिवस काही ना काही बरसत असतं, तळहात पसरला तर सेकंदाला एक कण आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो. दीड हजार मीटर खडकाखाली ती बरसात जवळजवळ थांबते. जवळजवळ. पहिल्या दिवशी ती खाली उतरली तेव्हा तिला वाटलं होतं, डोक्यावर कोणीतरी छत्री धरली आहे आणि ती इतकी मोठी आहे की धरणारा दिसत नाही. त्या खडकाच्या आत खोली, खोलीच्या आत काचेची खोली, त्यात शिशाची कोठी, कोठीच्या आत तांब्याची डबी आणि डबीत मुठीएवढा एक स्फटिक, थंडगार, समोर ठेवलेल्या नमुन्यातून निघणारा एखादा किरण टिपायला कान देऊन बसलेला. शिसंसुद्धा साधं चालत नाही. ताज्या शिशाच्या अंगात स्वतःचीच कुरकुर असते, म्हणून समुद्राच्या तळाशी दोन-तीनशे वर्षं पडून राहिलेल्या जहाजातलं शिसं आणलेलं. म्हातारं शिसं गप्प असतं, असं शून्यकाका म्हणायचे, माणसांचं मात्र उलट.

शून्यकाका म्हणजे इथले प्रमुख. समोर सगळे त्यांना सरच म्हणायचे. नाव पडलं ते त्यांच्या एका नियमामुळे: अहवालात शून्य लिहायचं नाही. नमुन्यात काही सापडलं नाही तर 'याहून कमी' असं लिहून पुढे आकडा घालायचा. शून्य म्हणायला आपण कोण, ते विचारायचे. आपल्याला ऐकू आलं नाही एवढंच आपल्याला ठाऊक. नवीन कोणी शून्य लिहून आणलं की कागद परत यायचा आणि शून्याभोवती लाल पेन्सिलीनं आणखी एक शून्य काढलेलं असायचं.

आणि धुणं. सगळं काम म्हणजे निम्मं धुणंच. तांब्याच्या डब्या आम्लात बुडवून धुणाऱ्या एक बाई होत्या, अठरा वर्षं तेच करत आलेल्या. त्यांना सगळे मावशी म्हणत आणि त्या स्वतःला इथली धुणेवाली म्हणत. माणसानंही धुतलं जायला हवं. अंगठी, घड्याळ, कानातलं काढायचं, कोपरापर्यंत हात घासायचे, कपडे बदलायचे, टोपी, तोंडावर कापड, हातमोजे दोन-दोन. कारण माणसाचं अंगही बोलतं. रक्तात, घामात, थुंकीत पोटॅशियम असतं आणि त्यातलं अगदी थोडंसं, हजारातल्या एकाच्याही दहाव्या भागाएवढं, आपलं आपण फुटत असतं आणि फुटताना किरण सोडतं. अंगठ्याचा एक ठसा तांब्यावर उमटला तरी त्या स्फटिकाला खोलीत माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं. एकदा काचेच्या खोलीत शिरलं की बाहेर यायचं म्हणजे सगळं उतरवायचं आणि परत जाताना पहिल्यापासून सगळं धुवायचं, तासभर मोडतो. म्हणून भिंतीवरचा फोन वाजला तरी आतलं माणूस तो घेत नसे. तिनं हे घरी येऊन, पाय पोटाशी घेऊन, चहा पिताना सांगितलेलं होतं. आईला असल्या गोष्टी सांगाव्याशा वाटत, कारण आई त्या घरकामासारख्या ऐकायची. म्हणायची, म्हणजे तुझंही सोवळंच की गं.

आई गेली त्या दिवशी ती आत होती. नमुना बदलण्याचा दिवस. सकाळी अकराच्या सुमाराला घरी आईच्या छातीत धरल्यासारखं झालं. शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी तिला पाणी दिलं, पाठ चोळली, म्हणाल्या, तुमच्या मुलीला फोन लावते. त्यावर आई म्हणाली, नको, ती धुतलेली असेल. काकूंना वाटलं आई भ्रमात बोलतेय. नंतर कितीतरी दिवस त्या हेच सांगत राहिल्या, बघा ना, शेवटी शेवटी काय बोलत होत्या, ती धुतलेली असेल म्हणे. ती ऐकून घ्यायची. काकूंना तिनं कधी सांगितलं नाही की ते बोलणं अगदी शुद्धीतलं होतं, त्या घरात त्या वेळी सगळ्यांत शुद्धीवर आईच होती. अडीच वाजता ती बाहेर आली, कपडे बदलले, गाडीत बसली, आणि बोगद्याच्या तोंडाशी उजेडाचा गोल मोठा होत गेला तसा त्यात नवरा उभा दिसला, कडेवर ठमी. ठमीच्या अंगात कोट होता, पाचही बटणं लावलेली. तिला आजही तो उजेडाचा गोल आधी आठवतो, नवऱ्याचा चेहरा नंतर. तीन तास आधीच सगळं संपलं होतं आणि ते तीन तास ती चिमट्यानं एक तांब्याचा तुकडा हलक्या हातानं ठेवत होती, श्वास धरून, जगात याहून नाजूक काहीच नाही अशा थाटात.

बटण निसटलं तो गुरुवार होता. कोठी सोमवारपर्यंत रिकामी राहणार होती. पुढच्या नमुन्याची पेटी वाटेत कुठेतरी अडकली होती, आणि अशा वेळी कोठी रिकामीच बंद करून मोजायची रीत होती. रिकाम्या कोठीत किती ठोके येतात ते माहीत असलं की तेवढे सगळ्यांच्या हिशोबातून वजा करता येतात. स्फटिकानं एक किरण पकडला की एक ठोका. आलेखावर पोटॅशियमची जी जागा असते, तिथे चार दिवसांत सहा येत, फार तर आठ. काम तिच्याकडे होतं, आणि आत ती एकटीच होती.

आधी तिनं हिशोब केला, जुन्या आलेखाच्या पाठीमागे. दोऱ्याच्या टोकाला लागते ती थुंकी किती? थेंबाचा पाचवा भाग म्हणू. त्यात पोटॅशियम किती, त्यातलं फुटणारं किती, त्यातले किरण किती, त्यातले ह्या स्फटिकाच्या वाट्याला किती. भागाकार करत करत ती खाली आली. दहा दिवसांत एक ठोका. तोही कोट मधल्या काळात कधीच धुतला नसता तर. आणि कोट तिनंच तीनदा धुतला होता, दोनदा साबणानं. म्हणजे आई ह्या यंत्राला दहा दिवसांतून एकदा हाक मारू शकली असती, आणि ते दिवसही तिनं स्वतःच्या हातांनी बादलीत ओतून दिले होते. आकडा तिला लख्ख कळत होता. कोणी दुसऱ्यानं असा नमुना आणला असता तर तिनं हसून परत पाठवला असता. तरी तिनं पिशवीतून बटण चिमट्यानं काढलं, स्वच्छ नव्या पिशवीत घातलं. ज्या बटणावर तिचा हात रोज सकाळी उघडा फिरायचा त्याला आता दोन-दोन हातमोज्यांतूनही बोट लावायचं नव्हतं. डबीत मधोमध ठेवलं. तपकिरी, चार भोकांचं, साधं प्लास्टिकचं. प्लास्टिक तसं गप्प असतं, असं तिला वाटून गेलं, म्हणजे जे बोलेल ते दोराच बोलेल. झाकण सरकवलं. शिशाचा दरवाजा हळूहळू मिटत गेला तसं बटण आधी अर्धं दिसेनासं झालं, मग सगळंच. मग तिनं नोंदवही उघडली, तारीख टाकली आणि नमुन्याच्या रकान्यात लिहिलं, रिकामं.

लिहिताना पेन अडखळलं नाही. ह्याचंच तिला पुढे नवल वाटत राहिलं.

ते चार दिवस तिच्या अंगात कसलंसं हलकेपण होतं, घरात कोणी पाहुणं येणार असावं तसं. ठमीला तिनं सांगून टाकलं की बटण मोजायला ठेवलंय. ठमीनं ती बातमी पिन लावलेल्या कोटासकट शाळेत नेली आणि आमची आजी मोजायला गेली आहे असं जाहीर केलं. बाईंनी वहीतून चिठ्ठी पाठवली, घरी सगळं ठीक आहे ना? नवरा चिठ्ठी वाचून हसला, मग तिच्याकडे बघून हसायचा थांबला. दवाखान्यात त्याला रोज असे नातेवाईक दिसत, गेलेल्या माणसाची चप्पल पिशवीत नीट घालून नेणारे. भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाला की आईंचा स्वेटर अजून कपाटात आहे, तुला हवा असेल तर. तिला स्वेटर नको होता. स्वेटरला आईचा वास येईनासा झाल्याला सहा महिने झाले होते, आणि तो वास कोणत्या दिवशी गेला हे तिला सांगता येत नव्हतं. रोज नाक खुपसून बघितलं, रोज थोडा थोडा होता, आणि मग एक दिवस आपण वास घेतोय तो फक्त कपाटाचा आहे असं लक्षात आलं. कमी होत होत गेलेल्या गोष्टीचं असंच असतं. अर्धं जातं, उरलेल्याचं अर्धं जातं, आणि शेवटचं कधी गेलं त्याला कोणी साक्षीदार नसतो. खाणीतल्या कामात तिला हे रोजचंच होतं. घरात ते तिला सहन होत नव्हतं. रविवारी दुपारी ठमी झोपल्यावर ती खिडकीतल्या त्या खुर्चीत बसली आणि तिला वाटलं, ह्या क्षणी दीड हजार मीटर खाली, अंधारात, म्हाताऱ्या शिशाच्या पोटात ते बटण एकटं आहे, आणि त्याच्यासमोर सबंध पृथ्वीवरचा सगळ्यांत तिखट कान लावलेला आहे. आईचं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी कधी ऐकलं होतं? तिनं स्वतः तरी? आई बोलत असायची आणि ती डबा भरत असायची, हं हं करत.

सोमवारी ती पोहोचली तेव्हा शून्यकाका आधीच पडद्यासमोर होते, चष्मा पुसत. चष्मा पुसणं हे चांगलं लक्षण नव्हतं.

"आपलं रिकामं रिकामं नाही," ते म्हणाले.

त्यांनी बोट ठेवलं ती जागा तिला न बघताही माहीत होती. सहा यावेत तिथे एकोणीस आले होते. ते म्हणाले की दोनदा तपासलं, यंत्राची चूक नाही, आत काहीतरी आहे. आत काहीतरी आहे. हे तीन शब्द त्यांनी अगदी वैतागानं उच्चारले, पण तिच्या कानांत ते वेगळेच शिरले. तेरा महिने तिला हेच कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं, आणि ते ऐकवायला सगळ्या जगात शेवटी हा माणूस निघाला, जो कधी कोणाला उगीच दिलासा देत नाही. दहा दिवसांत एक, असा हिशोब होता. चार दिवसांत तेरा जास्तीचे. हिशोब चुकला असेल. थुंकी जास्त असेल, आई दोरा चांगला दोनदा जिभेवर धरायची. कोट धुतला तरी गाठीच्या आत पाणी पोहोचलं नसेल. गाठी आईच्या फार घट्ट. वैज्ञानिकाचं डोकं नको तेव्हा किती चपळ होतं हे तिला स्वतःचंच दिसत होतं आणि तरी तिनं त्याला धावू दिलं.

काका बोलतच होते. कोठी सगळी उकलावी लागेल. शिसं एक एक वीट काढून पुसायचं, डबी पुन्हा आम्लात, तीन आठवडे कुठे गेले नाहीत. मागच्या महिन्यातल्या चार मोजण्याही परत बघाव्या लागतील. आणि मावशींना विचारायला हवं. डबी त्यांनीच धुतली होती, हातमोजा फाटला असेल, वय झालं, नजर पहिल्यासारखी राहिली नाही. काचेपलीकडे मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, धुतलेले चिमटे पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडत, प्रत्येकामध्ये सारखं अंतर. आई चमचे असेच मांडायची.

"मावशींना नका विचारू," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं आत."

"काय?"

"बटण."

काकांनी नमुन्यांची यादी जवळ ओढली. "कुठल्या संशोधन गटाचा नमुना?"

तिला हसू येईल की रडू, कळेना. "माझ्या मुलीच्या कोटाचं. आईनं लावलेलं, दोऱ्याला थुंकी लावून. मला बघायचं होतं."

चष्मा नसला की त्यांचे डोळे लहान आणि उघडे पडल्यासारखे दिसत. ते पुन्हा एकदा त्या एकोणीसकडे वळले. मग ते जे बोलले ते तिच्या जन्मभर लक्षात राहील, कारण एवढी माया करायची त्यांना दुसरी पद्धतच माहीत नव्हती. त्यांनी विचारलं, धुतलं होतंस? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग सोपं आहे. बटण दोऱ्यासकट नीट धुवायचं, गरम पाण्यात, मग पातळ आम्लात. परत चार दिवस ठेवायचं. जेवढे ठोके कमी होतील तेवढं वरून लागलेलं, उरतील ते बटणाचे स्वतःचे. पुढचा नमुना थांबवतो मी चार दिवस, तुला नक्की काय ते कळेल.

हे तिलाही माहीत होतं. रोज ती हेच करत होती. मोजा, धुवा, पुन्हा मोजा.

"धुतल्यावर कळेल," ती म्हणाली.

"हो."

"पण मग ते राहणार नाही."

काकांनी चष्मा घातला. "नाही. ते पाण्याबरोबर जाईल."

"मग नको."

काचेपलीकडे चिमट्यांचा बारीक किणकिणाट चालला होता. काकांनी नोंदवही ओढली, तिच्यापुढे सरकवली आणि लाल पेन्सिल दिली. तिनं रिकामं ह्या शब्दावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: एक बटण, प्लास्टिकचं, चार भोकांचं, दोऱ्यासकट. न धुतलेलं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना, तेव्हा काकांनी पेन्सिल परत घेतली आणि स्वतः लिहिलं, पुन्हा मोजू नये. मग ते पहिल्यासारखे झाले. म्हणाले की महिनाभर तिनं झाकणाला हात लावायचा नाही, ज्यांचे चार दिवस बुडाले त्यांना फोन तिनंच करायचा, आणि मावशींवर कोणाचा संशय गेला होता हेही मावशींना तिनंच सांगायचं. शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. मावशींनी ऐकून घेतलं, हात पुसले, आणि एवढंच म्हणाल्या की अगं बाई, मला सांगितलं असतंस तर मी त्यासाठी वेगळी डबी धुऊन दिली असती की. मग बटण त्यांनीच काढून आणलं, एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, जसा कुठलाही मोलाचा नमुना आणावा तसं.

घरी ती उजेड असतानाच पोहोचली. नवरा कामावर निघायच्या तयारीत होता, त्यानं ठमीला तिच्या हवाली केलं आणि जाताना उगीचच तिच्या केसांवरून हात फिरवला. ती खिडकीतल्या खुर्चीत बसली, कोट मांडीवर घेतला. फाटलेल्या जागी आतून कापडाचा तुकडा लावायला हवा होता, तो लावला. बटणातला जुना दोरा काढायचा की नाही, हा प्रश्न दिवसभर तिच्या मागे होता. हातात बटण आल्यावर तो प्रश्न उरला नाही. पुंजका तसाच ठेवून त्याच्यावरून शिवायचं ठरलं. भोकं अरुंद झाली होती, सुई अडत होती. नव्या दोऱ्याचं टोक सुटं सुटं होऊन सुईत जाईना. दोनदा, तीनदा. मग तिनं काही न ठरवता ते जिभेवर धरलं, ओठांतून ओढलं, आणि ते गेलं. जिभेवर कापसाची फिकी चव राहिली. लहानपणी तापात आईच्या ओल्या पदराची असायची तशी काहीशी. किंवा तसं तिला वाटलं.

ठमी गुडघ्याला चिकटून उभी होती, श्वास रोखून. कात्री शेजारीच होती. गाठ मारून झाल्यावर तिनं मान तिरकी केली आणि दोरा दातांनी तोडला.

"आजी सापडली?" ठमीनं विचारलं.

तिनं कोट झटकला, बटण ओढून बघितलं. घट्ट बसलं होतं. काय सांगायचं ते तिनं गाडीत येताना घोकून ठेवलं होतं, खोटं होणार नाही असं. ती म्हणाली की आत काहीतरी होतं. अगदी थोडं. पण होतं.

ठमीचा चेहरा उजळला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा मावळला. ती बोटानं बटण फिरवू लागली, इकडून तिकडे, जेवढं फिरेल तेवढं. तिच्या मनात काहीतरी होतं हे दिसत होतं. खाली रस्त्यावरून कोणाची तरी सायकल गेली.

"पण मी पण त्याला उष्टं केलं होतं," ठमी खालच्या आवाजात म्हणाली. "कपाटाखाली. सगळं तोंडात घातलं होतं, दोरा पण. आजी करायची ना, टिकावं म्हणून."

कोमट बटण. जरासं ओलसर. तिनं डोळे मिटले आणि तिला तो आलेख दिसला, ते तेरा ठोके, सगळे सारखे, एकावरही नाव नसलेले. तिनं ठमीला जवळ ओढलं. कोटाचं बटण दोघींच्या मध्ये आलं, छातीच्या हाडाला टोचलं. तिनं ते तसंच टोचू दिलं.

ठमीनं तिच्या मिठीतून मान वर काढली. अजून तिचा हिशोब चालूच होता.

"मग त्यातली आजी किती होती आणि मी किती?"